हाउसची नक्कल? नाही हो!

'ब्रिलियंट माइंड्स' या अमेरिकन मालिकेबद्दल "विक्षिप्त डॉक्टर म्हणजे पुन्हा हाउसच की," असं कुणीतरी म्हटलंय ('हाउस' म्हणजे अशाच विक्षिप्त डॉक्टरची जुनी मालिका), म्हणून राहवलं नाही. मीही ती याच शंकेने लावली होती. पण हाउस पेशंटला भेटायचंच टाळतो, इथला डॉ. वुल्फ उलट पेशंटच्या आयुष्यात नको इतका घुसतो. शिवाय त्याला चेहरेच ओळखता येत नाहीत. चाल, आवाज, कपडे, असल्या खुणांवरून माणसं ताडायची. (वुल्फ झालेल्या झकारी क्विंटोने हे चाचपडणं फार छान केलंय.)

गंमत म्हणजे हे सगळं हवेतून आलेलं नाही. मालिका न्यूरॉलॉजिस्ट ऑलिव्हर सॅक्स यांच्यावरून सुचलेली आहे. त्यांनाही चेहरे ओळखू येत नसत, मोटरसायकलचं वेडही त्यांचंच. नेचे (फर्न) बघायला तर ते मेक्सिकोतल्या ओहाकापर्यंत गेले होते! आणि 'वुल्फ' हे त्यांचं मधलं नाव. सॅक्स २०१५ साली गेले, मालिका २०२४ची; त्यामुळे सगळं आजच्या न्यूयॉर्कमध्ये आणून ठेवलंय.

खटकलं काय, तर शिकाऊ डॉक्टरांची प्रेमप्रकरणं. ती सुरू झाली की मी चहा टाकायला उठते.