आई-बाबा घरी एकटे आणि भोंगा वाजला तर?

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आम्ही न्यू जर्सीहून उत्तर डॅलसला आलो. माझे आई-बाबा परभणीहून आलेत, ऑगस्टपर्यंत आहेत. बुधवारी दुपारी १२ ला टोर्नेडोच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला तेव्हा आम्ही दोघं ऑफिसात होतो. बाबा आभाळ बघायला अंगणात गेले, आई गॅस बंद करून देवापाशी बसली आणि मला फोन लावत राहिली. मी मीटिंगमध्ये होते. ती महिन्याच्या पहिल्या बुधवारची चाचणी होती हे नंतर कळलं. खरंच टोर्नेडो (प्रचंड वावटळीसारखं वादळ) आला तर त्यांनी काय करायचं? घर दुमजली आहे, तळघर नाही. बाबा म्हणतात, एक गाडी घरीच असते, ती काढून लांब जाऊ.

— नवीन सभासद, उत्तर डॅलस

---

नमस्कार,

बाबांना आजच सांगा, गाडी काढायची नाही. २६ डिसेंबर २०१५ च्या संध्याकाळी डॅलसजवळच्या गार्लंड-रोलेटमधून ईएफ-४ (तीव्रतेच्या ० ते ५ मापात ४) टोर्नेडो गेला, आमच्या घरापासून फार लांबून नाही. १० माणसं गेली. त्यातली बहुतेक गाड्यांत होती, आय-३० आणि जॉर्ज बुश टर्नपाइक हे महामार्ग मिळतात त्या भागात. अंधारात समोर काय आहे ते दिसतच नाही. पुलाखाली आसरा घेणं तर त्याहून वाईट, तिथे वारा आणखी जोरात घुसतो. उलट २० ऑक्टोबर २०१९ ला तुमच्याच भागातून ईएफ-३ गेला, रविवारी रात्री ९ च्या सुमारास. घरांची छपरं उडाली, पण एकही जीव गेला नाही.

तळघर का नाही, हे बाबांना लगेच पटेल. इथली माती त्यांच्या रानासारखीच काळी आहे, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यात तळघर बांधणं अवघड. म्हणून तळमजल्यावरची, खिडकी नसलेली, घराच्या मधोमध असलेली जागा शोधायची. बहुतेक घरांत ती जिन्याखालची कोठडी असते, आणि आपल्याकडे नेमकी तीच सूटकेसांनी भरलेली असते. ती रिकामी करा. आत पाणी, टॉर्च, शिट्टी, औषधं, पासपोर्टच्या प्रती आणि दोघांचे बूट ठेवा. बुटांचं मी मुद्दाम सांगते. आपण घरात अनवाणी, चपला गराजमध्ये. वादळानंतर जमिनीवर काचा आणि खिळे असतात. डोक्यावर हेल्मेट हवं, मुलांचं सायकलचंही चालेल.

भोंगा हा बाहेर असलेल्यांसाठी असतो. एसी आणि मराठी मालिका चालू असताना तो ऐकू येईलच असं नाही. माझ्या सासूबाईंचा भारतातला फोन वायफायवर होता, त्यावर इशारा आलाच नाही. म्हणून वेदर रेडिओ (हवामानाचा इशारा आला की आपोआप वाजणारा) घ्या, आपली काउंटी (जिल्हा) त्यात भरा, बॅटरी घाला आणि आईंच्या उशाशी ठेवा.

दोन शब्द मराठीत समजावून सांगा. 'वॉच' म्हणजे हवा तशी झाली आहे, सावध राहा. 'वॉर्निंग' म्हणजे टोर्नेडो दिसलाय किंवा रडारवर सापडलाय, तेव्हा विचार करत बसायचं नाही. फ्रिजवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा: 'रेडिओ वाजला की जिन्याखाली. बाहेर बघायला जायचं नाही. मुलीला फोन नंतर.' आईबाप लेकरांना फोन करण्यात मिनिटं घालवतात, आणि हातात तेवढीच मिनिटं असतात.

— काकू, गार्लंड

---

काकू, मनापासून आभार.

शनिवारी कोठडी रिकामी केली. सहा सूटकेसा आणि गणपतीचं मखर निघालं, सगळं गराजमध्ये हलवलं. मग वर झोपायच्या खोलीतून खाली येण्याची तालीम केली. पहिल्यांदा चार मिनिटं लागली, कारण आई चष्मा शोधत होती आणि बाबांना गुडघ्यामुळे जमिनीवर बसवेना. आता जुना चष्मा आतच टांगलाय आणि एक बुटकं स्टूल ठेवलंय. तिसऱ्या खेपेला दीड मिनिट. चिठ्ठी आईने स्वतःच्या हाताने लिहिली, 'फोन नंतर' च्या खाली दोन रेघा मारून.

मुलांची हेल्मेटं बाबांच्या डोक्याला बसत नाहीत. कुणाकडे मोठ्या मापाचं क्रिकेटचं हेल्मेट जास्तीचं असेल तर कळवा, मी शुक्रवारच्या आत येऊन घेऊन जाईन.