बास्केटबॉलपटू स्कूट हेंडरसन खरंच डेरिक रोज-रसेल वेस्टब्रूकच्या तोडीचा अ‍ॅथलीट आहे का?

अर्धरेषा:
२०२३च्या एनबीए ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात तो कार्यक्रम) पोर्टलंडने स्कूटला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. त्याआधीपासूनच त्याच्या नावाला दोन नावं चिकटली होती, डेरिक रोज आणि रसेल वेस्टब्रूक. माझ्या मते ही तुलना चूक आहे, आणि तिने त्या पोराचं नुकसानच केलं. तो दणकट आहे, पहिलं पाऊल झपकन टाकतो, सगळं मान्य. पण रोज पूर्ण वेगात असताना हवेत अंग वळवून चेंडू बोर्डवर ठेवायचा. वेस्टब्रूक आपल्याहून फूटभर उंच सेंटर (रिंग राखणारा खेळाडू) समोर असला तरी डंकसाठी उडायचा. स्कूट खांदा लावून आत शिरतो, पण रिंगपाशी पोचला की त्याचा चेंडू खालूनच सुटतो. पहिल्या मोसमात त्याचं शूटिंग, म्हणजे मारलेल्यांपैकी रिंगमध्ये गेलेले फटके, ३८.५ टक्के होतं. रोजचं पहिल्याच वर्षी ४७.५ टक्के, आणि तो रुकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवखा, ठरला. अंगात तेवढी ताकद असती तर ती रिंगजवळ दिसली नसती का?

रिबाउंड:
रोजचा आकडा दिलास आणि वेस्टब्रूकचा गाळलास, हे बरोबर नाही. वेस्टब्रूकचं पहिल्या मोसमातलं शूटिंग ३९.८ टक्के, थ्री (लांबून तीन गुणांसाठी मारलेले फटके) तर २७.१ टक्के. दुसऱ्या मोसमात ४१.८. स्कूटचं दुसऱ्या मोसमात ४१.९ आहे, आणि थ्री ३५.४, म्हणजे तिथे तो वेस्टब्रूकच्या बराच पुढे. तुझ्या मोजपट्टीने २०१० साली आपण वेस्टब्रूकलाही ‘वरच्या दर्जाचा अ‍ॅथलीट नाही’ म्हणून मोकळे झालो असतो. पुढच्याच मोसमात तो ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला आणि २०१७ साली एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, झाला. शूटिंगच्या टक्केवारीत निर्णय, हात, सोबतचे शूटर, आत जायला मिळालेली वाट असं सगळं कालवलेलं असतं. त्यातून पाय कसे आहेत हे वेगळं काढता येत नाही.

डावखुरी:
तुम्ही दोघंही उडीवरच अडकलात. २०२१च्या ड्राफ्ट कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्या) किऑन जॉन्सनने धाव घेऊन ४८ इंच उडी मारली, तोवरचा विक्रम. तोही स्कूटसारखा गार्डच, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणारा. निवड झाली २१वी, आणि पुढे संघ बदलत राहिला. कंबाइनमधली उडी मोकळ्या हाताने, ताज्या पायांनी, अंगाला कुणी चिकटलेलं नसताना मारलेली असते. सामन्यात गार्डला असा क्षण क्वचित मिळतो.

मी गार्ड पाहते तो थांबतो कसा यावरून. जेम्स हार्डन किंवा लुका डॉन्चिच फार उंच उडत नाहीत, पण भर वेगातून दोन पावलांत थांबतात. बचाव करणाऱ्याचं वजन तसंच पुढे जातं आणि मधे हातभर जागा उघडते. त्यासाठी मांड्यांमध्ये आपलंच वजन झेलण्याची ताकद लागते, आणि ती उडीच्या आकड्यात धड दिसत नाही. २०२५चा एमव्हीपी शे गिल्जस-अलेक्झांडर २०१८ साली ११वा निवडला गेला होता. त्याचं थांबणं तेव्हा कुणी मोजलं असेल असं वाटत नाही. स्कूटला पहिल्या वर्षी एकच गिअर होता, पूर्ण वेग. दुसऱ्या वर्षी तो मधेच थांबून जम्पर (उडी मारून फटका) घ्यायला लागला, आणि मला त्याच्यातली वाढ तिथे दिसते.

अर्धरेषा:
वेस्टब्रूकचा आकडा मी सोयीने सोडला, कबूल. थांबण्याचा मुद्दाही पटतो. पण उदाहरणं कुणाची दिलीस बघ. शे साडेसहा फुटी, हात लांब, थांबला की सरळ डोक्यावरून मारतो. लुका त्याच्याहूनही उंच. स्कूट ६ फूट ३ इंच. या उंचीचा गार्ड थांबला की हात वर करून पुढे कुणीतरी उभा असतोच. त्याला उडावंच लागतं, नाहीतर स्टेफ करीसारखं लांबून मारता आलं पाहिजे. म्हणून त्याच्या बाबतीत उडी मोजायचीच.

डावखुरी:
जेलन ब्रन्सन बघ. तोही गार्ड, ६ फूट २ इंच, ड्राफ्टमध्ये ३३वा. उडतो कितीसा? थांबतो, पिव्होट करतो (एक पाय रोवून वळतो), समोरच्याला आधी हवेत पाठवतो.

सहावा खेळाडू:
एक गोष्ट राहून जातेय. २८ एप्रिल २०१२ला फिलाडेल्फियाविरुद्ध डेरिक रोजचा गुडघा गेला, तो आत घुसून दोन पायांवर थांबून पुन्हा उडताना. एमव्हीपी होऊन त्याला वर्षच झालं होतं, वय २३. तो सामना आठवला की मला अजून बेचैन व्हायला होतं. ब्रेक मारणं हे कौशल्य आहेच, पण त्याची किंमत सांधे आणि स्नायू मोजतात. स्कूटचा हॅमस्ट्रिंग २०२५च्या सप्टेंबरमध्ये, मोसम सुरू होण्याआधीच फाटला. मांडीमागचा हा स्नायू जोरात धावताना पुढे फेकलेला पाय आवरतो. अशा दुखापतीनंतर खेळाडू वेग लवकर परत दाखवतो, पण तोच पाय भर वेगात रोवायचा विश्वास यायला वेळ लागतो. त्याला रोजच्या पंगतीत बसवा नाहीतर ब्रन्सनच्या, मी मात्र आधी तो त्या पायावर पूर्ण भार टाकून थांबतो का हे बघणार. ते दिसेपर्यंत, अर्धरेषा, तुझा ‘वरच्या दर्जाचा नाही’ हा शेरा मला मान्य नाही.