नाण्यांचा संच पूर्ण करायलाच हवा का?

सोळाआणे
काल रात्री माझ्या ‘दशमानपूर्व’ (आणे-पैच्या काळातल्या) संग्रहातला, ब्रिटिश राजा सहाव्या जॉर्जच्या नाण्यांचा अल्बम काढला आणि पुन्हा तेच झालं. पै, भोकाचा पैसा, आणा, चवली, पावली, अधेली, सगळं ओळीनं लागलेलं. रुपयांच्या पानावर १९३८ आहे, १९४० ते १९४५ आहेत, १९४७ चा वाघवाला निकेलचा आहे. फक्त १९३९ चा खिसा रिकामा, तो गेली नऊ वर्षं.

मी आता या मतावर आलोय की सालवार संच, म्हणजे दरेक सालाचं एकेक नाणं, पूर्ण करणं हा निव्वळ हट्ट आहे. १९३८ आणि १९३९ च्या रुपयात फरक किती? एका आकड्याचा. छाप तीच, कड तीच, वजन तेच ११.६६ ग्रॅम. त्या एका आकड्यासाठी माणूस जो पैसा ओततो, त्यात जमैकाची पेनी, सायप्रसचे पियास्टर, पश्चिम आफ्रिकेची भोकाची नाणी आणि फिजीचा आख्खा संच घरात येईल. प्रत्येक वसाहतीचं, प्रत्येक राजाचं, प्रत्येक प्रकारचं एकेक नाणं घ्यावं आणि पुढं जावं. खिसे भरत बसायला आपण काय शिंपी आहोत?

मतं मांडा. समजूत घालू नका, ती घरात घातली जाते.

टांकसाळखूण
एका आकड्याचा फरक म्हणताय, पण सगळी गोष्ट त्या आकड्यातच आहे. १८३५ पासून रुपयात जी ९१.७ टक्के चांदी होती, ती असलेला १९३९ हा शेवटचा रुपया. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. नकली पाडणाऱ्यांना आवरायला कडेच्या दात्यांमध्ये खाचेची वेगळी नक्षी आली. युद्ध संपल्यावर तर चांदी गेलीच, कारण अमेरिकेकडून उसनी आणलेली चांदी परत करायची होती. तुमच्या पानावर हे सगळं ओळीनं वाचता येतं. प्रकारवार संचात तुमच्याकडे एक चांदीचा, एक निम्म्या चांदीचा, एक निकेलचा असे तीन रुपये राहतील. तीन फोटो लावून त्याला सिनेमा म्हणण्यासारखं आहे ते.

आणि खरं बोलू का? तो खिसा रिकामा नसता, तर १९३९ मध्ये काय झालं हे तुम्ही कधी वाचलंच नसतं.

कवडीमोल
सोळाआणे यांना माझं मत. पण माझं कारण वेगळं आहे. मुळात ‘पूर्ण’ असं काही नसतंच.

व्हिक्टोरियाचा १८६२ चा राणीछाप रुपया घ्या. नाण्यावर साल १८६२, पण हेच साल ठेवून रुपये पाडले गेले १८७४ पर्यंत. नेमकं कधी पाडलं ते ठिपक्यांवरून ओळखायचं. आता सांगा, १८६२ चा एक रुपया मिळाला की खिसा भरला, की प्रत्येक ठिपक्याचा वेगळा खिसा? मी दुसरा मार्ग धरला आणि फसलो. माझ्याकडे १८६२ चे अकरा रुपये आहेत. परवा बायकोनं शांतपणे विचारलं, “एकच साल अकरा वेळा आणलंत का?” भिंग दिलं तिच्या हातात. तिनं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, “हा ठिपका आहे की घाण?” त्यावर माझ्याकडे आजही खात्रीचं उत्तर नाही.

टांकसाळखूण
अहो, पण हा सालवार संचाचा दोष नाही. कुंपण आधी ठरवा ना. ‘साल आणि टांकसाळ, ठिपके नाहीत’ असं पहिल्या पानावर लिहून टाका. लाहोर टांकसाळीची ‘एल’ ही खूण घ्यायची की नाही, मुंबईची हिऱ्याची खूण घ्यायची की नाही, हे आपलं आपण ठरवायचं. कुंपण न घालता गाय मोकाट सोडली आणि मग शेत फार मोठं आहे म्हणून रडायचं, याला अर्थ नाही.

फिरस्ती
दोघांनाही थोडं टोचणार आहे.

सोळाआणे, प्रकारवार संच म्हणजे सुटका असं वाटत असेल तर न्यूझीलंडचं पान उघडा. तिथं १९३५ चा वाइतांगी क्राउन (पाच शिलिंगांचं नाणं) हा स्वतंत्र प्रकार आहे आणि तो पाडला फक्त १,१२८ नग. नऊ वर्षं काय, नव्वद वर्षं खिसा रिकामा राहील. ऑस्ट्रेलियाचं उलट. तिथली १९३० ची पेनी सुमारे दीड हजार पाडली गेली असा अंदाज आहे. सालवाल्यांची तिच्यापायी झोप उडते आणि प्रकारवाल्यांना ती लागतच नाही, पाचव्या जॉर्जची कुठलीही पेनी चालते. म्हणजे प्रत्येक वसाहतीत एक खिसा कुणाला तरी छळायला ठेवलेलाच असतो. पद्धत बदलली की खिसा बदलतो, एवढंच.

दुसरी गोष्ट. सोळाआणे, तुम्ही ‘दशमानपूर्व’ हा शब्द ‘स्वातंत्र्यापूर्वी’ अशा अर्थानं वापरताय. आपल्याकडे दशमान पद्धत आली १ एप्रिल १९५७ ला, म्हणजे १९५० नंतरची अशोकस्तंभाची, बैलाची, घोड्याची आणे-पैसे नाणीही याच संचात येतात. ती किती जणांच्या अल्बमात आहेत? सिलोनमध्ये तर इंग्रज असतानाच, १८७२ पासून, रुपयाचे शंभर सेंट होते. हाँगकाँग १८६३ पासून सेंटवर. पूर्व आफ्रिकेचा शिलिंगही १९२१ पासून शंभर सेंटांचा. तुमच्या अल्बमवर ‘दशमानपूर्व वसाहती’ लिहिलेलं असेल आणि आत पूर्व आफ्रिका असेल, तर पहिली चूक मुखपृष्ठावरच आहे.

सोळाआणे
पूर्व आफ्रिका आहे माझ्यात. मुखपृष्ठ बदलतो. 🙂

पण फिरस्ती, माझा मुद्दा तुम्हीच मजबूत करताय. पूर्व आफ्रिकेची १९३६ ची पाच सेंट आणि दहा सेंट, पश्चिम आफ्रिकेची त्याच सालची पेनी, अर्धी पेनी, एक दशांश पेनी, ही सगळी आठव्या एडवर्डच्या नावाची. माणूस वर्षभरही गादीवर टिकला नाही. ब्रिटिश सरकारनं भारतासाठी त्याच्या नावाचं चलनी नाणं काढलं नाही, १९३६ च्या त्या नाण्यांवर पाचवा जॉर्जच आहे. पण आफ्रिकेच्या त्या नाण्यांना मधोमध भोक, चेहऱ्याला जागाच नाही, नुसतं नाव बदललं की काम झालं. म्हणून ती निघाली. हे मला कळलं वसाहती फिरल्यामुळे. एका देशाच्या सालांना चिकटून बसलो असतो तर हे नाणं हातात आलंच नसतं.

टांकसाळखूण
छान नाणं आहे, वाद नाही. पण मग नऊ वर्षं १९३९ शोधत कशाला होतात?

सोळाआणे
तेच सांगायला धागा काढला खरं तर.

मागच्या महिन्यात एकानं आणून दाखवला. वजन केलं, ११.६६. चुंबकाला लागला नाही. आवाज खणखणीत. हात थरथरत होते हो. मग दहापटीचं भिंग लावलं. बाकी तिन्ही आकडे आजूबाजूच्या जमिनीशी गुळगुळीत मिळालेले, आणि शेवटच्या नवाभोवती मात्र बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेनं. नवाच्या पोटाखाली डाव्या बाजूला एक पुसटशी कमान. आठाची. खालच्या वर्तुळाची एक बाजू कोरून काढलेली. वजन बरोबर येणारच ना, रुपया खराच होता, १९३८ चा.

परत दिला. घरी येताना वाटलं, आपल्यासारख्यांचे रिकामे खिसे आहेत म्हणून कुणीतरी चांगला अडतीसचा रुपया कोरून खराब केला. हा हट्ट फुकटचा नाही, त्याची किंमत नाणी मोजतात.

कवडीमोल
हे पटलं. माझ्या अकरांपैकी दोघांच्या ठिपक्यांबद्दल आता नवीन संशय आला, त्याबद्दल आभार.

टांकसाळखूण
पटलं नाही. खोट्या नोटा निघतात म्हणून पगार घ्यायचा थांबवता का? भिंग होतं म्हणून वाचलात, आणि भिंगातून काय बघायचं हे नऊ वर्षांत शिकलात म्हणून वाचलात.

शंभर वर्षांचा नियमही लक्षात असू द्या. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभरी गाठलेलं नाणं पुरावस्तू धरलं जातं, आपल्याला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. दरवर्षी एकेक साल त्या रेघेपलीकडे जातंय. तुमच्या वसाहती-वसाहतींच्या अदलाबदलीत इथून द्यायला काय उरणार? १९३८-३९ चे रुपये अजून रेघेच्या अलीकडे आहेत, पण किती दिवस?

पहिलंचनाणं
वादात मधेच बोलतोय, माफ करा. आजीच्या डब्यात एक पावली सापडली. पाचवा जॉर्ज, साल १९११. त्याच्या झग्यावरचा हत्ती विचित्र दिसतो, सोंड अगदी आखूड. हे सालवार संचात जाईल की प्रकारवार?

फिरस्ती
दोन्हीत! त्या हत्तीला लोक डुक्कर समजले, बोभाटा झाला आणि १९१२ ला सोंड नीट करावी लागली. एका सालाचं नाणं, तोच त्याचा प्रकार. जपून ठेवा.

सोळाआणे
आणि काही झालं तरी घासू नका. चिंच, लिंबू, राख, काहीही लावू नका. आहे तशी काळी राहू द्या.

पहिलंचनाणं
आईनं सकाळीच चिंच लावली. आरशासारखी चमकतेय.

टांकसाळखूण
…तरी खिशात घाला. साल वाचता येतंय ना?