घरच्या सोलरवर ईव्ही चार्जिंग : ढग आला की गाडी ग्रिडची वीज ओढते, मदत हवी आहे

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

छतावर 5 किलोवॅटचं ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला (ग्रिडला) जोडलेलं सोलर आहे, सिंगल फेज. साठवणुकीची बॅटरी नाही. इलेक्ट्रिक गाडी घेऊन चार महिने झाले. आठवड्यातले तीन दिवस मी घरूनच काम करतो आणि त्या दिवशी गाडी दुपारभर दारात असते. ती उन्हावरच भरावी अशी मनापासून इच्छा आहे.

गाडीसोबत आलेला पोर्टेबल चार्जर 16 अँपिअरवर चालतो, म्हणजे साधारण 3.7 किलोवॅट. लख्ख ऊन असताना इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) 4.1 किलोवॅट दाखवतो, घराला अर्धा किलोवॅट लागतो. जेमतेम भागतं. पण काल ॲप उघडून बघत होतो, एक ढग आला आणि मिनिटाभरात 4.1 वरून आकडा 0.9 वर. गाडी मात्र तेवढीच वीज ओढत राहिली, म्हणजे तीन किलोवॅटच्या वर ग्रिडमधून. मी काम सोडून खाली धावलो, गाडीच्या स्क्रीनवर 16 चे 8 केले, वर येतो तोवर पुन्हा ऊन. दिवसभर हेच चाललं होतं.

ग्रिडला दिलेल्या युनिटचे आम्हाला घेतलेल्या युनिटपेक्षा बरेच कमी पैसे मिळतात, म्हणून हा आटापिटा. सोलरमध्ये उरेल तेवढीच वीज गाडीला आपोआप जाईल असं काही करता येतं का? 7.4 किलोवॅटचा वॉल चार्जर घ्यावा का? आणि करंट सारखा कमी-जास्त केल्याने गाडीची बॅटरी खराब होते का?

एक राहिलंच. तीन-चार तासांनी सॉकेटची प्लेट हाताला चांगली गरम लागते. काल प्लग काढला तर एका पिनेजवळचं प्लास्टिक पिवळट दिसलं.

प्रतिसाद 1

बाकीचं नंतर. त्या सॉकेटवर आजपासून चार्जिंग बंद करा. पिवळट प्लास्टिक म्हणजे आतला संपर्क सैल झालाय आणि तिथे उष्णता साठतेय. मिक्सर-इस्त्री थोडा वेळ चालतात, गाडी तासन् तास पूर्ण भार ओढते. सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला, वायरची जाडी तपासून घ्या, आणि डीबीपासून (घरातल्या मुख्य वीजपेटीपासून) गाडीसाठी स्वतंत्र लाइन, स्वतःचा एमसीबी (जास्त भार आला की तुटणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळली की तुटणारा स्विच), अर्थिंग मोजून. हे झाल्याशिवाय सोलरचा विचार नको.

प्रतिसाद 2

वरच्यांशी शंभर टक्के सहमत. आता मूळ प्रश्न.

तुम्हाला हवी ती सोय असते. वॉल चार्जर घेताना त्यात सोलर मोड आहे का ते विचारा. मीटरजवळच्या मुख्य वायरीवर सीटी नावाचा छोटा चिमटा बसतो. वीज बाहेर चालली आहे की आत येते आहे हे तो चार्जरला सांगतो, आणि चार्जर त्याप्रमाणे करंट वर-खाली करतो.

7.4 हा आकडा मात्र विसरा. 5 किलोवॅटच्या पॅनेलवर तो कधीच भरून निघणार नाही. तुमच्या कामाचा आकडा 6 अँपिअर. गाडी आणि चार्जर यांच्यातल्या मानकानुसार एसी चार्जिंग त्याच्या खाली जात नाही. 230 व्होल्टला ते झालं जवळपास 1.4 किलोवॅट. उरलेलं सोलर त्याहून कमी पडलं की दोनच पर्याय: चार्जिंग थांबवा, नाहीतर फरक ग्रिडमधून घ्या. म्हणून चार्जर 6 पासून एकेका अँपिअरने सरकतो का, आणि सुरू-बंद करण्यापूर्वी किती मिनिटं थांबायचं ते ठरवता येतं का, हे बघा. मी सुरू करायला 5 आणि बंद करायला 10 मिनिटं ठेवली आहेत. आधी दर ढगाला चार्जरमधला काँटॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा आतला स्विच) खट्-खट् वाजायचा. काही गाड्या तर तीन-चारदा थांबवलं की झोपून जातात, मग ऊन आलं तरी उठत नाहीत.

करंट बदलल्याने बॅटरीला काही होत नाही. फास्ट चार्जरच्या मानाने 3 किलोवॅट म्हणजे काहीच नाही. तोटा वेगळा आहे: चार्जिंग चालू असताना गाडीचे स्वतःचे इलेक्ट्रॉनिक्स कितीही करंट असला तरी थोडी वीज खातातच, त्यामुळे 6 अँपिअरवर वाया जाणारा वाटा वाढतो. भरपूर ऊन असेल तेव्हा भरभर भरलेलं चांगलं.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. सॉकेट आजच बंद केला. इलेक्ट्रिशियन म्हणतो, सीटी इन्व्हर्टरच्या वायरीवर लावू, तिथे जागा आहे. चालेल का? आणि ग्रिडची वीज गेली तर निदान दुपारी गाडी चार्ज होईल ना?

प्रतिसाद 2

नाही चालणार. तिथे फक्त सोलरची निर्मिती कळेल, घराचा वापर कळणारच नाही. मीटरनंतर लगेच, कुठलीही शाखा फुटण्यापूर्वी, आणि चिमट्यात फक्त फेजची वायर. फेज-न्यूट्रल दोन्ही एकत्र घातले तर वाचन शून्य येतं. चिमट्यावरच्या बाणाची दिशाही जपा.

ग्रिड गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो, नाहीतर बाहेर लाइनवर काम करणाऱ्याला झटका बसेल. त्या वेळी चार्जिंगही बंदच.

डीबीचा झाकण काढलेला फोटो टाका, सीटीची जागा खूण करून दाखवतो. झाकण मात्र इलेक्ट्रिशियनलाच काढू द्या.