काटा आणि मोडेम एकाच लाइनवर आहेत
निपाणीच्या वखारीतल्या जुन्या पीसीत मोडेम कार्ड बसवलं की तंबाखूच्या काट्याचं वजन स्क्रीनवर यायचं थांबतं, असं वर विचारलंय. त्यावर कुणीतरी विंडोज नव्यानं टाकायला सांगितलंय. कशाला ओ? अख्खी दुपार जाईल आणि दुखणं तिथंच.

काटा कॉम १ वर (कॉम म्हणजे पीसीचा सिरियल पोर्ट) असणार आणि मोडेम कॉम ३ धरून बसलाय. पोर्ट वेगळे, पण दोघांचा आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची लाइन, एकच, ४. (कॉम २ आणि कॉम ४ चा ३.) जुन्या आयएसए स्लॉटातल्या कार्डांना सहसा ही लाइन वाटून घेता येत नाही, त्यानंतरच्या पीसीआय स्लॉटातल्यांना येते. तेव्हा मोडेम पीसीआय असेल तर संशय दुसरीकडे न्या.

कॉम २ ला काही जोडलेलं नसेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) तो बंद करा, म्हणजे आयआरक्यू ३ मोकळा होतो. मग मशीन बंद करून, वायर काढून, मोडेमवरचे जंपर, म्हणजे पिना जोडणाऱ्या टोप्या, कॉम २ ला लावा. इवलेसे असतात, चिमटा घ्या बघा. नंतर डिव्हाइस मॅनेजरच्या 'व्ह्यू'मध्ये 'रिसोर्सेस बाय टाइप' उघडा, आयआरक्यू ३ समोर मोडेम दिसला पाहिजे. आयआरक्यू ५ च्या वाटेला जाऊ नका, तिथं बहुतेक साउंड कार्ड असतं. काट्याच्या सॉफ्टवेअरमधलं कॉम १ मात्र आहे तसंच राहू द्या.