हिरोशिमाची पहिली भेट : एका मुक्कामात काय पाहावे?

पायवाट : नमस्कार. ओसाकातील काम आटोपल्यावर एक मुक्काम करून हिरोशिमा पाहण्याचा विचार आहे. पहिल्या दिवशी सकाळी दहाला पोहोचेन आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी परतेन. शांतता स्मारक संग्रहालय, अणुबॉम्ब घुमट, मियाजिमा बेट, किल्ला आणि शुक्केइएन उद्यान अशी यादी केली आहे. संग्रहालय आणि मियाजिमा पहिल्याच दिवशी उरकले, तर दुसरा दिवस मोकळा मिळेल, असे वाटते. हे जमेल का? रेल्वे पास घ्यावा का? मी मांसाहार करीत नाही, हेही सांगून ठेवतो.

जुना प्रवासी : जमेल, पण करू नये. मी नेमके हेच केले होते. संग्रहालयाच्या मुख्य इमारतीत मृतांच्या वस्तू मांडल्या आहेत. त्यांत एका तीन वर्षांच्या मुलाची गंजलेली तीनचाकी सायकल आहे, जी वडिलांनी त्याच्यासोबत अंगणात पुरली होती आणि चाळीस वर्षांनी उकरून काढली. ती पाहून दीड तासाने मी मियाजिमाच्या बोटीवर उभा होतो, समोर सुंदर समुद्र होता आणि माझे कशातच लक्ष नव्हते. संग्रहालयासाठी अडीच तास धरा आणि त्यानंतर नदीकाठाने घुमटापर्यंत चालण्यापलीकडे काही ठरवू नका. १९१५ साली बांधलेली ही घुमटाची इमारत यान लेत्सेल या चेक वास्तुविशारदाची. पूर्वी तेथे प्रांतातील मालाची प्रदर्शने भरत.

मियाजिमाला कोणत्या दिवशी जायचे, हे तुम्ही नव्हे, भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाने ठरवायचे आहे. पाणी सुमारे अडीच मीटरच्या वर असले, तर इत्सुकुशिमा मंदिर आणि त्यापुढील तोरी (मंदिराची भव्य लाकडी कमान) पाण्यावर तरंगल्यासारखी दिसतात. एक मीटरच्या खाली उतरले, तर ओल्या वाळूतून चालत तोरीपर्यंत जाता येते. १६ मीटरहून उंच असलेली ही तोरी जमिनीत रोवलेली नाही, स्वतःच्या वजनावर उभी आहे, आणि कापराच्या झाडाचे ते अजस्र खांब जवळून पाहिल्यावाचून त्यावर विश्वास बसत नाही. भरती आणि ओहोटी यांत साधारण सहा तासांचे अंतर असल्याने अर्धा-पाऊण दिवस थांबलात तर दोन्ही रूपे दिसतील. किल्ल्याचा बुरूज १९५८ साली काँक्रीटमध्ये पुन्हा उभारलेला आहे. वेळ कमी पडल्यास तो खुशाल वगळा.

ट्रामवेडी : संपूर्ण जपानचा सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ पासून ५०,००० येनचा झाला आहे, एवढ्याशा प्रवासासाठी तो मुळीच परवडत नाही. कान्साई ते हिरोशिमा या भागापुरता पाच दिवसांचा वेगळा पास मिळतो, त्याची आणि सुट्या तिकिटांची बेरीज करून पाहा. शिन-ओसाकाहून नोझोमी गाडीने दीड तास लागतो. शहरात मात्र ट्रामनेच फिरा. बॉम्ब पडल्यानंतर तिसऱ्याच दिवशी एका टप्प्यावर ट्राम पुन्हा सुरू झाली होती आणि त्या स्फोटातून वाचलेल्या ६५१ व ६५२ क्रमांकांच्या गाड्या अद्याप सेवेत आहेत.

जेवणाबाबत सावध राहा. येथील ओकोनोमियाकीत पातळ धिरड्यावर कोबीचा ढीग, नूडल्स, अंडे आणि बहुधा डुकराचे मांस असते. मांस नको असल्यास "निकु नुकी" म्हणावे, पण माशांची पूड भुरभुरतात, तीही नको म्हणून सांगावे लागते. तव्यासमोर बसून लहान उलथन्याने खाण्याची मजा वेगळीच.

पायवाट : दोघांचेही आभार. वेळापत्रक पाहिले : दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी आणि दुपारी भरती आहे, त्यामुळे मियाजिमा दुसऱ्या दिवशी आणि किल्ला रद्द. त्या दिवशी बॅग स्थानकावरच ठेवावी ना?

जुना प्रवासी : हो, लॉकरमध्ये. मात्र सकाळी लवकर ठेवा, मोठे लॉकर आधी भरतात.