शाळेसाठी फुकटात काय काय जमवलंत? या, सांगा

काल माळा झाडताना आंब्याची जुनी लाकडी पेटी निघाली. आत चिंचोके, सागरगोटे आणि लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर स्केचपेनने लिहिलेली माझी अक्षरकार्डं. पहिली नेमणूक राजापूरच्या आत, दोन शिक्षकी, पट १७. सर्व शिक्षा अभियानात साहित्याला वर्षाचे ५०० रुपये मिळायचे, ते तक्त्यांतच उडायचे. मे महिन्यात लग्नं झाली की जूनमध्ये मी वाडीभर फिरून पत्रिका मागायचे. एकदा 'क्ष'चं कार्ड दाखवलं तर पोराने ते उलटं केलं, "बाई, ही माझ्या आतेची!" आणि घडाघडा वाचलंन, "आमचे येथे श्रीकृपेकरून". श्री, कृ सगळं बरोबर. तोवर त्याला जोडाक्षर येत नाही म्हणून मी डोकं धरून बसलेले.

तुमचंही लिहा.

खाडीपल्याड
माडाच्या हिरांच्या काड्या. दहाची जुडी म्हणजे दशक, उरलेल्या सुट्ट्या. हातच्याला जुडी सोडायची. आजीची केरसुणी अर्धी झाली तेव्हा घरी कळलं.

चाकरमानी_परळ
आमचं मंडळ गणपतीत गावच्या शाळेला वह्या देतं. तिसऱ्या वर्षी गुरुजी हळूच म्हणाले, वह्यांनी कपाट भरलंय, टेबलाला बसवायचं टोकयंत्र मिळेल का? तेव्हापासून आधी फोन करून विचारतो. बाकी, यंदा तिकीट मिळालं का कोणाला? मी वेटिंग २१२.

सुपारीबाग
२१२ म्हणजे विसरा, एसटी बघा.

मालवणी_माणूस
आमका बाईंनी करवंट्यो आणूक सांगितल्यानी. आवस म्हणता, मगे चुलीत काय तुजा डोक्या घालू?

दापोलीकर
३ जून २०२० चं निसर्ग वादळ. शाळेचे पत्रे गेले, पुस्तकांचा लगदा. कुठून कुठून मदत आली, उपकारच. पण एका खोक्यात व्हाइटबोर्डची ४० मार्कर पेनं! आमचा फळा काळा. अजून घरच्या डब्यांवर 'हळद', 'मीठ' त्याच पेनांनी लिहितोय.

गुहागरची_बाई
😂😂 आमच्याकडे एका कंपनीने १२ कंपासपेट्या दिल्या. फोटोसाठी मुलं दीड तास उन्हात. बॅनरच्या पैशांत आणखी १२ आल्या असत्या. (तो बॅनर मात्र चांगला निघाला, पावसाळ्यात लाकडांवर घालतो.)

बिगरी_ते_चौथी
पुस्तकांसाठी वणवण नको. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरून मराठी गोष्टी उतरवून छापता येतात. टाकाऊतून विज्ञानाची खेळणी हवीत तर अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ. मी घाटीवर जाऊन रेंज पकडते, सगळं मोबाइलमध्ये घेते आणि तालुक्याला गेले की प्रिंट. प्रिंटचे पैसे मात्र स्वतःचे हं.

सुपारीबाग
मोजायला गुंजा पण छान, लालकाळ्या. आमच्या कुंपणावर ढीगभर.

खाडीपल्याड
गुंजा नको!! बी चावली गेली तर विषारी असते. पहिलीची पोरं काहीही तोंडात घालतात. सुपाऱ्या घे.

सुपारीबाग
बापरे, माहीत नव्हतं. बरणीभर आहेत, उद्याच काढते. सुपाऱ्या दिल्या तर सासरे मोजून परत घेतील.

चाकरमानी_परळ
मूळ पोस्टवाल्या बाई, त्या पेटीचं काय करणार? आता लाकडी पेटी दिसत नाही फारशी, सगळे पुठ्ठ्याचे बॉक्स.

मूळ पोस्टवाली
पेटी माझी. सागरगोटे कोणी नेत असेल तर देते, ६३ आहेत. एक वाळवीने खाल्लेली लग्नपत्रिकाही.

गुहागरची_बाई
मला द्या! चिपळूण स्टँडवर कोणाच्या हाती पाठवाल का?

चाकरमानी_परळ
माझं तिकीट लागलं तर मी आणतो. वेटिंग आता २०९.